मी गोल सोडला नाही

“मगदूम, गुडघा?”

“आहे, सर.”

“आहे ते दिसतंय मला. कसा आहे?”

“मस्त!”

“मस्त म्हणजे दुखत नाही, की दुखतोय पण सांगणार नाही?”

“मस्त म्हणजे मस्त, सर!”

नरंदेसरांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डाव्या पॅडकडे पाहिलं, जणू पॅड काही वेगळं सांगणार होता. पहिलं सत्र संपल्यावर आमचं हेच बोलणं झालं होतं. आता दुसरं संपलं तरी तेच, शब्दन् शब्द. पंधरा-पंधरा मिनिटांची तीन सत्रं. आमचे दोन गोल, त्यांचे दोन. तिसरं बाकी होतं.

“शाले, तुझ्या गुडघ्याला स्वतंत्र जर्सी द्यायला पाहिजे,” तहसीन गरम पाण्याचा घोट घेत म्हणाली. “तेरावी खेळाडू. नाव, मगदूमचा गुडघा.”

“तू गोल मार आधी. कधीची नुसती घसरायलीस.”

“बर्फावर माणूस घसरणारच ना बाई! सांगलीत कुठं बर्फ होता?”

खरं होतं. आम्ही सांगली-मिरजेच्या मुली. बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसात. आमचा हॉकीचा सराव नगरपालिकेच्या बागेमागच्या सिमेंटच्या रिंकवर, चाकांच्या स्केट्सवर. आणि आता आम्ही उभ्या होतो बारा हजार फुटांवर, हिमाचलातल्या काझा गावात, पात्यांच्या स्केट्सवर, जानेवारीतल्या सकाळी आठ वाजता. तिथली माणसं थंडी पडली की मैदानावर थराथरानं पाणी सोडतात आणि त्याचा रिंक होतो. मॅच सगळ्या सकाळच्याच. दहा-साडेदहाला डोंगरामागून ऊन आलं की बर्फ मऊ पडतो आणि खेळ बंद. श्वास सोडला की हेल्मेटच्या जाळीवर बर्फ जमत होता. मी तो जिभेनं काढायला गेले होते पहिल्या दिवशी. पुढचं सांगत नाही, तहसीन अजून ते सगळ्यांना सांगत असते.

समोरच्या टीममधल्या मुली तिथल्याच, स्पितीच्या. चालायच्या आधी स्केटिंग शिकल्यात की काय असं वाटावं अशा. आणि आमच्याशी उपांत्य फेरीत दोन-दोन! लाकडी फळ्यांच्या कुंपणापलीकडे सगळं गाव जमलं होतं, पोरं तेलाचे डबे बडवत होती. माझे पॅड बघून पहिल्या दिवशी तीच पोरं हसली होती. ते पॅड आप्पांनी शिवलेत. आप्पा, म्हणजे माझे वडील, गाड्यांची सीट कव्हरं शिवतात. एका टेम्पोच्या सीटचं लिंबासारखं पिवळं रेक्झिन उरलं होतं, त्यात फोमचे चार थर घालून त्यांनी मला पॅड केले. हसू देत. त्या पिवळ्या रेक्झिनवर आदळून त्या सकाळी एकवीस वेळा पक परत गेला होता. पक म्हणजे आमचा चेंडू. चपटी, काळी, रबराची चकती. अंगावर बसली की आई आठवते.

आईचं सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आदल्या मार्चमध्ये, आमच्या सिमेंटच्या रिंकवर, मी दोन्ही गुडघे टेकून, पाय बाहेर फाकवून बसले होते. त्याला सर फुलपाखरू म्हणतात. गोलकीपरची मुख्य बैठक तीच, खालून येणारा पक त्यानं अडतो. त्याच क्षणी एक मुलगी तोल जाऊन थेट माझ्या डाव्या गुडघ्यावर पडली. ‘कट्’ असा आवाज आला. मला वाटलं स्टिक मोडली. सगळ्यांना तसंच वाटलं. तहसीन स्टिक शोधत होती.

लिगामेंट तुटलं होतं. एप्रिलच्या शेवटी मिरजेत ऑपरेशन झालं. मग कुबड्या, पट्टा, फिजिओ. टाचेला मिठाची एक किलोची पिशवी बांधून पाय सरळ उचलायचा, दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा. मी दोन किलोवर गेले, मग तीनवर. फिजिओच्या ताई म्हणायच्या, “एवढी कसली घाई?” मला घाई होती. पण त्रास व्यायामाचा नव्हताच. त्रास माणसांचा होता. लोक मला भेटायला यायचेच नाहीत, माझ्या गुडघ्याला भेटायला यायचे. दारातूनच, “कसा आहे गुडघा?” आत्या शहाळं घेऊन आली आणि म्हणाली, “पोरीच्या जातीला कशाला हवेत असले धंदे? उद्या बघायला येणारे पहिलं चालून दाखव म्हणतील.” मी तेव्हा सातवी पास होऊन आठवीत गेले होते! शाळेत प्रार्थनेला सगळे उभे आणि मी खुर्चीत. राष्ट्रगीताला मी हट्टानं उभी राहिले, तर बाई धावत आल्या. माझं दप्तर दुसऱ्याच कुणीतरी उचलायचं. मी शिंकले तरी आई विचारायची, “गुडघ्यात गेली का कळ?”

डिसेंबरात डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. लेखी. नरंदेसर तो कागद घेऊन घरी आले, तेव्हा आई पोळ्या करत होती. तिनं कागद वाचला, पिठाचा अंगठा त्यावर उमटला.

“सर, डॉक्टरांचं मी ऐकते. पण माझंही एक ऐका,” ती म्हणाली. “तिकडं गुडघ्यापायी एकदा जरी तुम्हाला तिला बाहेर काढावं लागलं, तर तिथं संपलं. मग ती परत गोलात उभी राहणार नाही. पॅड त्या जुईला देऊन टाकायचे. खेळायचंच असलं तर बुद्धिबळ खेळू दे.”

“आई!”

“तुला विचारलं नाही मी. सर?”

“मान्य, ताई,” सर म्हणाले. “मी लक्ष ठेवीन. जरा शंका आली की हात करीन. मी हात केला की ती बाहेर.”

“आणि हिनं वाद घातला तर?”

“नाही घालणार.”

“शालू, इकडं ये. माझ्या डोक्यावर हात ठेव.”

“आई, काहीतरीच काय...”

“ठेव.”

मी ठेवला. तिच्या केसांना पोळ्यांच्या धुराचा वास येत होता. “सरांनी हात केला की मी बाहेर येईन,” मी म्हणाले. आप्पा कोपऱ्यात बसून माझ्या पॅडचा पट्टा शिवत होते. त्यांनी दोरा दातानं तोडला.

तर, तिसरं सत्र.

तिसऱ्या सत्रात मी जे खेळले ना, ते मी आजही डोळे मिटून बघते. खोटं कशाला बोलू? दोन वर्षं झाली, आता मी दहावीत आहे, आणि गणिताच्या तासाला कंटाळा आला की तीच पंधरा मिनिटं लावते डोक्यात. त्यांची एक नऊ नंबर होती, हेल्मेटखालून दोन लांब वेण्या, आणि ती कुठंही बघायची पण जिथं मारणार तिथं नाही. तिचे चार शॉट घेतले मी. एक हाताच्या जाळीत, दोन पॅडवर, एक चक्क हेल्मेटवर. हेल्मेटवर बसला तेव्हा डबे बडवणारी पोरं माझ्यासाठी ओरडली. माझ्यासाठी! पिवळी पिवळी म्हणून.

बाकावरून सर ओरडत होते, पण वेगळं. “कोन! मगदूम, कोन धर! पुढं ये, पुढं!” मान ताठ, मफलर सुटलेला, हातातली वही कधीच खाली पडलेली.

अकराव्या मिनिटाला त्यांचा तिसरा गोल झाला. दोन मुली माझ्यासमोर आडव्या उभ्या होत्या, त्यांच्या पायांमधून पक आला, मला दिसला तेव्हा तो माझ्या मागच्या जाळीत होता. तीन-दोन. तहसीन माझ्याजवळ येऊन गेली.

“जाऊ दे. तो कुणालाच दिसला नसता.”

“मला दिसायला पाहिजे होता.”

“बरं, पुढचा बघ मग. डोळे उघडे ठेवून.”

एवढं बोलून ती बाकावर गेली, तिच्या जागी दुसरी आली. आइस हॉकीत असं सारखं चालू असतं, मुली दमतात, बदलतात. गोलकीपर मात्र जागेवर.

मग शेवटचं दीड मिनिट. नऊ नंबर एकटीच सुटली. माझ्यासमोर कुणी नाही, ती आणि मी. ती उजवीकडं बघत होती म्हणजे डावीकडं मारणार. मी फुलपाखरू घातलं, डावा गुडघा पुढं, सगळं वजन त्यावर. ठप्! पक पॅडवर बसून कोपऱ्यात गेला. आमच्या मुलीनं तो उचलला आणि खेळ पलीकडच्या बाजूला पळाला.

मी उठायला गेले, तर उठता येईना. स्केटचं पातं बर्फाच्या भेगेत अडकलं होतं. गोलचा खांब धरला, पाय ओढला, सुटला, उभी राहिले. जास्तीत जास्त दोन सेकंद गेले असतील. दुखलं नव्हतं. खरंच सांगते, जराही दुखलं नव्हतं.

पण मी बाकाकडं बघितलं आणि सर माझ्याकडेच बघत होते.

फळीवर बसलेल्या वेळ पाहणाऱ्या काकांनी एक बोट वर केलं. शेवटचं मिनिट.

आणि सरांनी हात केला.

उजवा हात, पूर्ण लांब करून, स्वतःकडं ओढल्यासारखा. ये. बाहेर ये. त्यांच्या मागं जुई उभी राहिली होती, आमची दुसरी गोलकीपर, डोक्यावर हेल्मेट.

म्हणजे त्यांनी पाहिलं. खांब धरून उठताना पाहिलं. दहा महिने, मिठाच्या पिशव्या, खुर्ची, शहाळं, सगळं करून इथं आले, सव्वीस शॉट घेतले, आणि आता एक मिनिट उरलं असताना एका भेगेपायी संपलं? आज बाहेर आले तर परत कधीच गोलात नाही. आई शब्दाची पक्की आहे. मी ओळखते तिला.

मी मान हलवली. नाही.

सरांनी दोन्ही हात हलवले. “मगदूम! ये! ये!”

मी आणखी जोरात मान हलवली. पण हेल्मेट, जाळी, मध्ये तीस मीटर, आणि डब्यांचा तो गोंगाट. त्यांना नीट दिसावं म्हणून मी गोल सोडून दोन ढांगा पुढं आले आणि स्टिक आडवी धरून सगळ्या अंगानं सांगितलं, ‘नाही! येत नाही! जा!’ सरांना ‘जा’ म्हटलं मी. सांगते ना, खोटं बोलत नाही. मग मागं फिरले, दोन्ही खांबांवर स्टिक आपटली, ठक, ठक, आणि फुलपाखराच्या आधीची बैठक घेतली. या म्हणावं. उचलून न्या मला.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

मला कळेचना कशाची. आमचा हल्ला चालू होता, पक त्यांच्या गोलजवळ होता. पंचांनी हात वर करून बोटं दाखवली, पाच आणि दोन, सात. आमच्या सात मुली बर्फावर. गोलकीपर धरून सहाच चालतात. मी बघितलं तर तहसीन रिंकच्या मधोमध उभी होती आणि तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघत होती. मी दोन ढांगा पुढं आले तेव्हाच ती कुंपणावरून आत उडी मारून आली होती.

दोन मिनिटांची शिक्षा. एक मुलगी बाहेर. उरलेल्या अठ्ठेचाळीस सेकंदांत गोलकीपर सोडून आमच्या चार आणि त्यांच्या पाच. त्यांनी तीन शॉट मारले. तिन्ही मी अडवले. शेवटचा तर पूर्ण आडवं पडून, डाव्या गुडघ्यावर. मग घंटा वाजली.

तीन-दोन. हरलो.

आणि तरी, आता लाज वाटते पण तेव्हा नाही वाटली, मी हेल्मेट काढून जिंकल्यासारखी बाकाकडं गेले. छाती पुढं. कारण मी उभी होते! शेवटपर्यंत! बघितलं का सगळ्यांनी?

बाकाच्या मागं ताडपत्रीचा तंबू होता, त्यात पत्र्याची शेगडी पेटवलेली. सगळ्या मुली तिच्याभोवती हातमोजे वाळवत बसल्या होत्या. कुणी माझ्याकडं बघितलं नाही.

“तू बहिरी आहेस का आंधळी?” तहसीन म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “एकदा ठरव काय ते.”

“मी काय केलं?”

“काय केलं म्हणे! घालवलीस मॅच, अजून काय करायचं राहिलं?”

“मी घालवली? शेवटचे तीन...”

“मगदूम,” सर तंबूच्या दारात उभे होते. मफलर हातात पिळत होते. “मी हात केला होता.”

“दिसला, सर.”

“दिसला?”

“दिसला. दोनदा केलात. दोन्ही वेळा दिसला. आणि मी आले नाही. परत केलात तरी येणार नाही!”

आमच्यातलं कुणी सरांशी असं बोलत नाही. मीही नाही. माझ्याच कानाला माझा आवाज अनोळखी वाटला, आणि खरं सांगायचं तर आवडला.

“का पण?” सर म्हणाले. ओरडले नाहीत, खरंच विचारत होते.

“दुखत नाही म्हणून! पातं अडकलं होतं, भेगेत, गुडघ्याला काही झालं नाही. बघा. बघा ना!” मी तंबूबाहेर येऊन घट्ट झालेल्या बर्फावर फुलपाखरू घातलं. उठले. परत घातलं. “दोन! तीन! मोजा, सर! चार!”

“हे काय करतेयस?”

“गुडघा दाखवतेय! पाच! आईला काय सांगायचं ते सांगा, पण हे बघून सांगा! सहा!”

“मगदूम, थांब. थांब!” सर पुढं आले. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. “गुडघ्याचं काय मधेच?”

मी सातव्याला खाली होते. तशीच राहिले.

“तुम्ही मला बाहेर काढत होता ना? गुडघ्यासाठी? जुईला उतरवणार होता.”

“मला?” जुई आतून म्हणाली. “नाही गं ताई! माझे पाय बधिर झालेले म्हणून मी उभी राहिले.”

“आणि हेल्मेट?”

“कान गार पडले होते.”

तहसीन उठून बाहेर आली. माझ्याकडं वाकून, एकेक शब्द तोडून, लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागली. “रिकामा गोल. शेवटचं मिनिट, एक गोल मागं. गोलकीपर पळत बाकावर येते, तिच्या बदली एक जादा मुलगी मारायला जाते. आपला गोल रिकामा, पण मारायला सहा जणी. तू निघालीस की मी उडी मारायची. तू निघालीस, मी मारली, आणि तू परत जाऊन खांब बडवत बसलीस! शाले, जूनमध्ये महिनाभर हेच केलं की आपण!”

“जूनमध्ये मी जिना बसून उतरत होते, तहसीन.”

ती सरळ उभी राहिली.

आता कुणी म्हणेल, गोलकीपर असून एवढं माहीत नव्हतं? मोबाइलवर पाहिलं होतं मी असं करताना. पण तो हात मला करतील तो त्यासाठी करतील, हे माझ्या डोक्यात यायला तिथं जागाच नव्हती. माझ्या डोक्यात त्या हाताचा एकच अर्थ होता. आईच्या स्वयंपाकघरात ठरलेला.

आम्ही दोघींनी सरांकडं बघितलं. सर मोजत असल्यासारखे बोटं हलवत होते. एप्रिल. मे. जून. मग त्यांनी तोच हात कपाळावर मारून घेतला.

“तू नव्हतीस,” ते म्हणाले. “अरे देवा. तू नव्हतीसच.”

“नव्हते.”

“माझ्या डोक्यातूनच गेलं.”

“काय गेलं, सर?”

“हेच. तुझं ते सगळं. मार्चपासूनचं.” त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं, जणू आज पहिल्यांदाच. “शेवटच्या सत्रात मला आठवलंच नाही. मी घड्याळ बघत होतो. म्हटलं, मगदूम चपळ आहे, पाच-सहा सेकंदांत येईल बाकावर.”

सर विसरले होते.

मी बर्फावर गुडघे टेकून बसले होते, मॅच हरलो होतो, माझ्यामुळे हरलो होतो, मैत्रीण चिडली होती. आणि माझ्या आत डबे बडवायला सुरुवात झाली. विसरले! दहा महिन्यांत पहिल्यांदा एका माणसानं पूर्ण दहा मिनिटं माझा गुडघा विसरून माझ्याकडं पाहिलं होतं, आणि त्याला काय दिसलं? चपळ आहे.

पण सरांचा चेहरा बदलायला लागला होता. मला तो चेहरा माहीत होता. आईचा, आत्याचा, बाईंचा, फिजिओच्या ताईंचा. भुवया जवळ येतात, आवाज खाली जातो.

“चूक माझी आहे,” ते मुलींना म्हणाले. “कुणी तिला काही बोलायचं नाही. तिला माहीतच नव्हतं, आणि त्यात बिचारी एवढ्या दुखण्यातून उठून... जुई, आतली खुर्ची आण गं. बस, शालू, जरा बस.”

शालू! दोन मिनिटांपूर्वी मी मगदूम होते.

“नाही,” मी म्हणाले आणि उभी राहिले.

“अगं...”

“खुर्ची नको, सर. जुई, ठेव ती खाली. सर, तुम्ही हात केलात की मी बाहेर येणार, असं ठरलं होतं. कशासाठी हात केला ते विचारायचं, असं ठरलं नव्हतं. आईच्या डोक्यावर हात ठेवून बोलले होते मी. आणि आले नाही. वर तुम्हाला ‘जा’ म्हटलं.”

“जा म्हटलंस?” सर म्हणाले. “ते नाही ऐकू आलं मला.”

“म्हटलं.”

तहसीननं हसू दाबायला हातमोजा तोंडात कोंबला.

“तहसीननं असं केलं असतं तर काय केलं असतंत?” मी विचारलं. “हात केला आणि आली नाही, वर मॅच घालवली. खुर्ची दिली असतीत?”

सर परत मफलर पिळायला लागले.

“सांगा ना. काय दिलं असतंत?”

“चाळीस फेऱ्या,” तहसीन हातमोज्यातून म्हणाली. “आणि वर हॉकीच्या नियमांवर निबंध.”

“मग मला का नाही?” माझा आवाज आता रिंकभर गेला असणार, कारण कुंपणावरची पोरं डबे थांबवून बघायला लागली होती. “मला काय म्हणून बिचारी? मी एकोणतीस शॉट अडवलेत आज! आणि माझ्या मूर्खपणानं मॅच घालवली! दोन्ही मीच केलंय, गुडघ्यानं नाही! ओरडा माझ्यावर!”

नरंदेसरांनी मफलर गळ्यात गुंडाळला. सावकाश. मग मान वळवून डोंगराकडं पाहिलं. शिखराला ऊन लागलं होतं, खाली यायला अर्धा तास होता. पुढची मॅच नव्हती, रिंक मोकळा होता.

“मगदूम.” आवाज त्यांचा होता. रिंकवरचा. “एवढी मोठी मुलगी, बाकाकडं बघायचं कळत नाही? स्वतःच्या डोक्यानं खेळायचं तर टीममध्ये कशाला आलीस? दहा जणी राबल्या आणि तू खांब बडवत बसलीस! चाळीस. गोल ते बाक, बाक ते गोल. पॅड, हेल्मेट, सगळं घालून. इथवर ऊन आलं आणि तू संपवलं नसलंस तर उद्या तिसऱ्या क्रमांकाच्या मॅचला गोलात जुई!”

“हो, सर!”

“उभी काय राहिलीस मग?”

मी पळाले.

एक. दोन. बारा हजार फुटांवर श्वास पुरत नाही. तिसऱ्या फेरीला छातीत सुया टोचायला लागल्या, चौथ्याला डोळ्यांतून पाणी, पाचव्याला ते पाणी पापण्यांवर गोठलं. बाकाजवळ आले की सर ओरडायचे, “वळताना वेग पडतोय! म्हातारीसारखी काय वळतेस?” तहसीन फळीवर चढून मोठ्यानं मोजत होती, आणि कुंपणावरची पोरं तिच्याबरोबर मराठीत मोजायला लागली होती. “सहा! सात!”

आठव्या फेरीला बाकाजवळ आले तेव्हा सर फोनवर होते. तिथं फोन लागणं म्हणजे नवलच, पण आईचा होता, लागणारच.

“हरलो, ताई,” सर सांगत होते. “तीन-दोन... हो. खरं सांगू का, तुमच्या मुलीमुळे. काय? नाही, हात केला होता मी. आली नाही. सरळ नाही म्हणाली. वर मला जा म्हणाली.”

मी वळायचं सोडून थांबले. सरांनी फोन कानापासून लांब धरला. आईचा आवाज एवढा बारीक होऊनही मला ओळखू आला. चिडलेला. पोळी करपल्यावर येतो तसा.

“जा म्हणाली? सरांना? एवढी अक्कल चालायला लागली तिची? किती फेऱ्या दिल्यात?”

“चाळीस.”

“पन्नास द्या!”

मी वाट पाहिली. ती पुढं गुडघ्याचं विचारेल म्हणून. सरही वाट पाहत होते, त्यांची भुवई वर गेली होती. फोनमधून पलीकडचा कुकर शिट्टी देताना ऐकू आला, आणि मग आई म्हणाली, “आणि संपल्यावर मला फोन करायला लावा. बघते तिच्याकडं.” फोन बंद.

सरांनी फोन खिशात घातला. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. त्यांच्या मिशीवर बर्फ होता आणि ती मिशी हलत होती.

“ऐकलंस ना?” ते म्हणाले.

“ऐकलं, सर.”

“मग? मी काय आरती ओवाळू?”

आठ झाल्या होत्या. मी डाव्या पायावर वळले आणि सुटले.